कोरा अंगठा

माझ्या बत्तीस वर्षांच्या महसुली नोकरीत हजारो अंगठे माझ्या हाताखालून गेले. शाईच्या गादीवर टेकवलेला अंगठा दोन बोटांत अलगद धरून, डावीकडून उजवीकडे किंचित वळवीत रकान्यात कसा उठवावा, म्हणजे ठसा फिसकटत नाही आणि कागदही मळत नाही, हे मला इतके अंगवळणी पडले होते की ठशावरून माणसाचा धंदा ओळखण्याची पैज मी कचेरीतल्या सोबत्यांशी लावीत असे आणि पुष्कळदा चहा जिंकीत असे. चांभाराच्या अंगठ्यावर आरीच्या बारीक चिरा असतात, परटाच्या अंगठ्याच्या रेघा पाण्याने पसरट झालेल्या असतात, आणि माझे वालिद पिंजारी असल्यामुळे पिंजाऱ्याचा अंगठा तर मला अंधारातही ओळखू आला असता. परंतु ज्या ठशांपायी मला तेरा महिने निलंबित होऊन घरी बसावे लागले, त्यांवरून कोणालाच काही ओळखता येत नव्हते. ते कोरे होते. कागदावर शाईचा वाटोळा डाग तेवढा उमटलेला, आत एकही रेघ नाही.

१९७२ चे साल ज्यांनी पाहिले त्यांना ते वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही, आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांना सांगून कितपत कळेल याची मला शंका आहे. आमचा भाग नगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा. पर्जन्यछायेत वसलेला, दुष्काळाशी पिढ्यान्पिढ्यांचा घरोबा असलेला. तरी त्या साली मृगापासून हस्तापर्यंत एकेक नक्षत्र ज्या निर्विकारपणे कोरडे गेले ते पाहून गावातली जुनी माणसेही हवालदिल झाली. जोंधळ्याची पेवे उघडली गेली आणि तळापर्यंत खरवडून मोकळी झाली; रेशनच्या दुकानात परदेशची तांबडी मिलो येऊ लागली, जिची भाकरी थापताना बायका तिला आणि सरकारला एकाच दमात नावे ठेवीत. सरकारने जागोजाग दुष्काळी कामे काढली. कसब्यापासून चार कोसांवर एका पाझर तलावाचे काम निघाले आणि तहसील कचेरीतून हजेरी कारकून म्हणून माझी रवानगी तेथे झाली. हुकमात 'तात्पुरती' असा शब्द होता.

कामाचे स्वरूप सांगितल्यावाचून पुढची हकीकत कळणार नाही. तलावाचा बांध मातीचा, आणि माती काढायची ती बांधाच्या आतल्या अंगाला, म्हणजे पुढे जेथे पाणी साठणार तेथूनच. प्रत्येक टोळीला खड्डा आखून दिलेला असे. खणताना खड्ड्याच्या मध्यभागी मातीचा एक उंचवटा न खणता तसाच सोडीत, त्याच्या माथ्यावरचे गवतसुद्धा कोणी उपटीत नसे. कारण मूळची जमीन किती उंच होती हे त्या उंचवट्यावरून कळे, खड्ड्याची खोली त्याच्याशी ताडून मोजीत, आणि मोजमापावर टोळीची मजुरी ठरे. दुरून पाहिले तर उजाड माळावर शे-दीडशे खड्डे आणि प्रत्येकाच्या पोटात एकेक मुका साक्षीदार उभा, असा तो देखावा होता. दुसऱ्या बाजूला बांधाच्या अस्तरासाठी दगड फोडण्याचे काम चाले आणि तेथे बहुतेक म्हाताऱ्या व लेकुरवाळ्या बायका बसत. माझे काम सकाळी हजेरी घेण्याचे, दुपारी पुन्हा मोजण्याचे आणि आठवड्याच्या शेवटी, पैसे आले असतील तर, वाटून अंगठे घेण्याचे.

पाणी टँकरने येई आणि ते पिण्यालाच पुरत नसे. त्यामुळे दुपारच्या नमाजीला मी तयम्मुम करी. पाणी नसेल तेव्हा शुद्ध मातीवर तळहात टेकून ते चेहऱ्यावरून व हातांवरून फिरवावेत, म्हणजे वजूची, नमाजीपूर्वी हात-तोंड धुण्याच्या विधीची, पूर्तता होते, अशी शरीयतीने दिलेली ती सवलत आहे. लहानपणी मदरशात ती शिकलो तेव्हा अरबस्तानच्या वाळवंटातल्या काफिल्यांसाठी ही सोय असावी, आपल्याला तिचे काय काम, असे वाटले होते. आता ज्या मातीचे घनफूट मी दिवसभर वहीत मांडीत होतो तिच्यावरच तळवे आपटून मी परमेश्वरापुढे उभा राहत होतो. आणि कपाळ जमिनीला टेकले की बाभळीच्या काटक्यांसकट तिचा उष्ण, कोरडा वास नाकात शिरे. बायका प्रथम टकामका पाहत, पुढे त्यांना सवय झाली, आणि माझी नमाज चालू असताना त्या पोरांना दबक्या आवाजात दटावीत.

त्या वर्षी रमजान ऑक्टोबरात आला. उन्हाची तिरीप अशी की दगडाला हात लावला तर चटका बसावा. दुपारी मजुरांना सुकडी वाटली जाई. दगड फोडणाऱ्यांत सत्तरीच्या घरातली एक म्हातारी होती, तिला सारे आजीबाई म्हणत. तिने माझा रोजा असल्याचे दोन-तीन दिवस पाहून घेतले आणि एका संध्याकाळी, मी वह्या बांधून सायकलीकडे निघालो असता, पदराच्या गाठीतून मूठभर सुकडी सोडून माझ्यापुढे धरली. "उपास सोडायला ठिवली, दादा. घरला पोचेस्तोवर दिवस बुडंल." तिच्या वाट्याला आलेल्या अन्नातला तो हिस्सा होता हे कळत असूनही मी तो घेतला. नाकारणे अधिक अवघड होते. सुकडीत घाम, धूळ आणि गूळ यांची एकत्र चव होती. खजुराने रोजा सोडण्याची रीत मी जाणतो, परंतु त्या महिन्यातले माझे बहुतेक रोजे सुकडीनेच सुटले. दिवाळी आणि ईद त्या साली एकाच आठवड्यात आल्या आणि दोन्ही सारख्याच कोरड्या गेल्या.

आमच्या दादीच्या तोंडी 'सबर' हा शब्द उठता-बसता असे. घरची आमची बोली दखनी, शाळेची आणि कचेरीची मराठी. पण या एका शब्दासाठी मला कधी बोली बदलावी लागली नाही, कारण मराठीने त्याची 'सबुरी' करून तो केव्हाच आपल्या घरात घेतला आहे, आणि आमच्याच जिल्ह्यातल्या शिर्डीमुळे तर तो महाराष्ट्राच्या चौकाचौकात रंगवलेला दिसतो. अतिपरिचयाने शब्द गुळगुळीत होतात, तसा हाही झाला आहे. अरबीत त्याच्या मुळाशी आवरण्याचा, बांधून धरण्याचा अर्थ आहे, असे मौलवीसाहेबांनी आम्हाला सांगितले होते; व्यवहारात मात्र तो ज्याच्या हाती काही आहे त्याने ज्याच्या हाती काही नाही त्याला देण्याचा शब्द होऊन बसला आहे. हे मी टीका म्हणून लिहीत नाही, कबुली म्हणून लिहितो. डिसेंबरात मजुरीची रक्कम तीन आठवडे आली नाही. लोक माझ्याभोवती जमले तेव्हा मी, ज्याचा स्वतःचा पगार एक तारखेस झाला होता, खुर्चीवरून उठून मोठ्या गांभीर्याने म्हणालो, "सबुरी धरा." आजीबाईने हातोडी खाली ठेवली आणि भांडणाचा लवलेशही नसलेल्या आवाजात म्हटले, "सबुरी चुलीवर शिजत न्हाई, दादा." मी त्याच रात्री सायकलीने कसब्याला गेलो आणि दुसऱ्या दिवशी अव्वल कारकुनांच्या मागे लागून तसलमातीतून एका आठवड्याची मजुरी काढून आणली. सहनशीलतेवर मी ऐकलेल्या सर्व प्रवचनांत मला उपयोगी पडलेले ते पहिले.

मे महिना सरता सरता ईदगाहवर पावसासाठी नमाज झाली. गावकऱ्यांनी मारुतीच्या देवळात सप्ताह धरला होता, पोरांनी धोंडी काढली होती, आणि त्याच दिवसांत आम्हीही उघड्या माळावर दोन रकात नमाज पढून दुआ मागितली. या नमाजीत इमाम आपली चादर उलटी करून पांघरतो. जशी ही चादर उलटली तशी आमची अवस्था उलटू दे, असा त्यातला भाव. आमच्याकडे इमामसाहेबांचे पाहून इतरांनीही अंगावरची वस्त्रे उलटी केली. माझ्या अंगात कचेरीचा एकुलता एक कोट होता. तो उलटा घातला तेव्हा त्याचे फाटके अस्तर, दोन ठिकाणी लावलेली वेगवेगळ्या रंगांची ठिगळे आणि खिशाची जीर्ण पिशवी साऱ्या गावासमोर उघडी झाली. शेजारी उभ्या असलेल्या तालेवार व्यापाऱ्याच्या शेरवानीचे अस्तर रेशमी होते. मला त्याही क्षणी लाज वाटली, आणि हात उताणे करण्याऐवजी पालथे करून आकाशाकडे धरायचे असतात हेही मी घटकाभर विसरलो. माणसाचे मन दुआ मागतानाही कोठे कोठे भटकते!

पाऊस आला. १९७३ च्या जूनमध्ये तो आला, आणि असा आला की चार दिवसांत ओढे वाहू लागले, बांधाच्या आतले दीडशे खड्डे आपापल्या साक्षीदारांसकट पाण्याखाली गेले. बांधावर उभे राहून लोक रडत होते, मीही रडलो. त्या पाण्याखाली माझे काय बुडाले हे मला तीन आठवड्यांनी कळले.

कोणीतरी वरिष्ठांकडे निनावी अर्ज केला होता. हजेरीपटावरील अडतीस नावे खोटी असून त्यांच्यापुढील अंगठे कारकुनाने स्वतः शाईचे डाग पाडून उठवले आहेत, आणि तेवढ्या मजुरांचे मातीकाम व दगडकाम मुळात झालेलेच नाही, असा त्यातला मजकूर. हजेरीपट तपासले गेले तेव्हा अडतीस ठसे खरोखरच कोरे निघाले. दगड वर्षभर टिकवून ठेवील असा अंगठा परमेश्वराने घडवलेला नाही. फोडलेल्या खडीच्या कडांनी त्या बायकांच्या बोटांवरची कातडी घासून गुळगुळीत झाली होती. हे मला आणि त्यांना ठाऊक होते, परंतु चौकशीच्या कागदाला ठाऊक नव्हते. कामाची फेरमोजणी केली असती तर माणसे खरी होती हे मातीनेच सांगितले असते. आता माती दोन पुरुष पाण्याखाली होती. माझ्या निलंबनाचा हुकूम जुलैच्या पहिल्या आठवड्यात निघाला.

पैगंबरसाहेबांच्या चरित्रातला एक प्रसंग मला लहानपणापासून ठाऊक होता. कबरीपाशी आक्रंदत बसलेल्या एका स्त्रीला त्यांनी जाता जाता धीर धरण्यास सांगितले. तिने त्यांना ओळखले नाही आणि माझे दुःख तुमच्यावर कोठे कोसळले आहे, असे तोडून टाकले. ते निघून गेले. हे कोण होते हे मागाहून कळल्यावर ती ओशाळून त्यांच्या दारी क्षमा मागायला आली, तेव्हा त्यांनी तिला एवढेच सुचवले की धैर्याची खरी वेळ ती पहिल्या आघाताची. काळ गेल्यावर शांत होणे कोणालाही साधते. तो काळाचा प्रताप, माणसाचा नव्हे. ही कथा मी मुलांना अनेकदा सांगितली होती. हुकूम हाती पडला त्या दिवशी मी घरी आलो, ताटावरून उठलो, मुलांच्या आईला काहीही कारण नसताना बोललो, आणि ज्या मजुरांची नावे मी प्रामाणिकपणे लिहिली त्यांनाच शिव्याशाप दिले. पहिल्या आघाताच्या परीक्षेत मी नापास झालो, हे येथे नमूद करणे मला प्राप्त आहे. पुढे जे काही शिकलो ते नापास विद्यार्थ्याचे शिक्षण होते.

रिकामा वेळ ही नोकरदार माणसाला सर्वांत अपरिचित वस्तू. फजरची नमाज झाली की पुढचा दिवस कसा ढकलावा हे कळेना, तेव्हा वालिदांचे कुराणशरीफ काढून मी उर्दू तर्जुम्यासह सुरे युसूफ वाचायला घेतली. एका निवृत्त गुरुजींनी विनोबांचे 'कुराणसार' आणून दिले होते, तेही जोडीला ठेवले. एकशे अकरा आयतींची ही सुरा मी बालपणापासून अरबीत पढत आलो होतो, रमजानात तर कितीदा. पण तिच्यातली कथा ही दुष्काळाच्या कारभाराची कथा आहे हे इतके महिने दुष्काळी कामावर घालवल्यावरही माझ्या ध्यानात आले नव्हते! राजाच्या स्वप्नातल्या सात पुष्ट गाई आणि सात रोडक्या. सात वर्षे सुकाळ आणि सात अवर्षण. आणि त्यावर हजरत युसूफ यांची अगदी कुणब्यासारखी सूचना, की खायला लागेल तेवढे मळा, उरलेले धान्य कणसातच राहू द्या. पेवात जोंधळा भरणाऱ्या आमच्या मुलखाला हे शहाणपण परके नाही. पुढे त्यांनी राज्याच्या कोठारांचे काम स्वतः मागून घेतले, आणि मागताना आपली लायकी दोन गोष्टींत सांगितली: मी राखणारा आहे आणि मी जाणणारा आहे. कोठल्याही कोठावळ्याच्या अर्जात यापेक्षा अधिक काही असण्याचे कारण नाही.

पण मी अडकलो तो त्याच्या अलीकडच्या एका जागी. तुरुंगात युसूफ यांनी एका सोबत्याच्या स्वप्नाचा अर्थ सांगितला, आणि तो सुटून राजाच्या चाकरीत जात असताना त्याला विनवले की धन्यापाशी माझी गोष्ट काढ. तो गेला आणि विसरला. बस्स, विसरला, दुष्टपणा नाही, वैर नाही. आणि त्या विसरण्यापायी एका निरपराध माणसाची आणखी काही वर्षे कोठडीत गेली. कचेरीत वीस वर्षे काढलेल्या मला या ठिकाणी जो हुंदका आला तो दुःखाचा होता की ओळखीचा, सांगता येत नाही. किती लोकांची प्रकरणे माझ्याही टेबलावर, फडक्यात बांधलेल्या दफ्तरात, कोणाही दुष्टपणाशिवाय पडून राहिली असतील! 'उद्या या' असे मी किती सहजपणे म्हटले असेल! आता माझा कागद कोठल्या तरी फडक्यात होता, आणि तारखेमागून तारीख तहकूब होत होती.

दुसरे एक शिक्षण याहून कडू होते आणि ते मी कोणाला सांगितले नव्हते. साक्षीदार पाण्याखाली असल्यामुळे पाणी आटल्याशिवाय फेरमोजणी होणे नव्हते. म्हणून दर जुम्म्याच्या नमाजीनंतर मी चार कोस सायकल मारून तलावावर जाई, आणि पाण्याच्या कडेला आदल्या खेपेस ठेवलेला दगड आता पाण्यापासून किती हात दूर आहे हे पाहत असे. तलाव पाझरत होता. त्यासाठीच तो बांधलेला. खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी चढले होते, दोन वर्षांनी कोणी हरभरा पेरला होता, कोणी कांदा लावला होता. लोक मला पाहून रामराम करीत आणि, "भाऊ, तुमच्या हातचं तळं बघा कसं भरलंय," असे कौतुकाने म्हणत. आणि मी मनात म्हणत असे, आटू दे. ज्या माळावर फाटके अस्तर जगाला दाखवून पाणी मागितले होते तेथून दोन कोसांवर उभा राहून मी तेच पाणी परत जावे अशी इच्छा धरीत होतो. पौषातल्या एका संध्याकाळी हे विचार चालू असताना मगरिबची वेळ झाली. वजूसाठी मी पाण्यात हात घातला आणि तो तसाच राहिला. गेल्या साली याच जागी मी मातीने तयम्मुम केले होते. आज कोपरापर्यंत पाणी होते, आणि मला ते नकोसे झाले होते.

इमाम गझाली यांनी आपल्या मोठ्या ग्रंथात सब्र आणि शुक्र, म्हणजे सबुरी आणि कृतज्ञता, यांचा विचार एकाच प्रकरणात केला आहे. या जोडणीचे कारण मी पूर्वी शास्त्रीय समजत होतो. त्या संध्याकाळी मला ते माझ्यापुरते कळले. माझी सबुरी ही नुसती वाट पाहणे होती आणि वाट पाहणारा माणूस फार लवकर स्वार्थी होतो. इतरांच्या विहिरीतले पाणी त्याला आपल्या मुदतीत मोजावेसे वाटते. मी कडेचा दगड उचलून पाण्यात फेकला. पुन्हा गेलो नाही असे मात्र नाही. पुढच्या जुम्म्यालाही गेलो. फक्त खूण ठेवली नाही.

त्याआधी, दिवाळीच्या सुमारास, एक तोड निघाली होती. अडतीस नावांपोटी निघणारी चारशे बारा रुपयांची रक्कम मी मुकाट्याने भरावी, हलगर्जीपणाची कबुली लिहून द्यावी, म्हणजे समज देऊन कामावर घेतले जाईल, असा निरोप आला. आणणारा भला माणूस होता आणि त्याने तो भल्यासाठीच आणला होता. निम्म्या पगारावर सात माणसे जगत होती. मुलांची आई म्हणाली, "चारशे रुपयांनी इज्जत जात असेल तर ती जुलैतच गेली. आता पोरांचं बघा." तिचे म्हणणे रास्त होते. मी मात्र युसूफांच्या कथेतली ती जागा पुन्हा पुन्हा वाचीत होतो, जेथे राजाचा हुकूम घेऊन दूत येतो, तुरुंगाचे दार उघडते, आणि ते बाहेर पडण्यास नकार देतात; आधी माझ्यावरच्या आळाची चौकशी करा, मग येतो, असे सांगून दूताला परत पाठवतात. ज्याने एकदा शिफारशीसाठी शब्द टाकला होता तोच आता उघड्या दारात अडून बसतो. मी नकार कळवला. तो सगळा श्रद्धेतून आला असे मी म्हणणार नाही. त्यात ताठा होता आणि थोडा वाचनाचा कैफही होता.

त्या नकाराची किंमत कोणी दिली, हे सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही. दुसऱ्या दिवसापासून मुलांच्या आईने विड्या वळायला घेतल्या. कारखान्यातून तेंदूची पाने, तंबाखू आणि सूत येई. ती पाने भिजवून, कातरून, रात्री कंदिलाशी बसून हजारांचा हिशोब पुरा करी. कात्रीच्या कडीने तिच्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडला. तिने पुन्हा एकदाही विषय काढला नाही. लोक माझ्या सबुरीची तारीफ करीत, आणि ती तारीफ ऐकताना मला तो घट्टा दिसे. धर्मग्रंथांतल्या धीरोदात्त पुरुषांच्या कथा मी आजही प्रेमाने वाचतो, परंतु त्यांच्या घरी त्या काळात चूल कशी पेटत होती, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात असतो. हजरत याकूब पुत्रवियोगाने रडून रडून अंध झाले, तरीही सब्र करणाऱ्यांत त्यांची गणना आहे. रडणे आणि धीर सोडणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तिच्यामुळे कळले. तिला मी दोनदा रडताना पाहिले, आणि दोन्ही वेळा तिचे हात चालू होते.

१९७४ च्या मे महिन्यात तलाव आटला. चौकशीचे साहेब जीपने आले. गाळ साचला होता, पुष्कळ उंचवटे ढासळले होते, पण मुरमातले साठ-सत्तर टिकून होते, आणि एका उंचवट्याच्या माथ्यावर हरळीचा पुंजका अजून हिरवा होता. दिवसभर फीत धरून मोजणी झाली. गाळाची वजावट करूनही माती हजेरीशी जुळली. मग अंगठ्यांचा प्रश्न निघाला. अडतिसांपैकी एकोणतीस बायका हजर होत्या. बाकीच्यांत काही ऊसतोडीला गेल्या होत्या, दोघी वारल्या होत्या. आजीबाई काठी टेकत पुढे आली. साहेबांनी शाईची गादी पुढे केली. तिने अंगठा टेकवला, मग न सांगताच दुसरा टेकवला, आणि दोन्ही डागांकडे निरखून पाहत म्हणाली, "माझ्या रेघा तुमच्या बांधाखाली पुरल्यात, सायेब." साहेबांनी तिचा हात उलटा करून उन्हात धरला, बराच वेळ पाहिला, आणि काही न बोलता कागदावर लिहायला घेतले.

ऑगस्टात मी कामावर रुजू झालो. बाकी राहिलेला निम्मा पगार यायला आणखी दोन वर्षे लागली. अहवालात आरोप शाबीत होत नाहीत असे होते, आणि माझ्या कामातल्या एका उणिवेची नोंद होती. ती नोंद न्याय्य होती.

निनावी अर्जाचे अक्षर मी चौकशीत पाहिले होते आणि ओळखलेही होते. ते माझ्या शेजारच्या टेबलावरचे होते. त्याच्या शेजारी पुढे मी नऊ वर्षे बसलो. मी विचारले नाही, त्याने सांगितले नाही. आपल्या भावांना युसूफ यांनी ज्या एका वाक्यात दोषमुक्त केले ते वाक्य मी मनाशी पुष्कळदा घोळले; परंतु जे त्यांना एका दिवसात साधले ते मला नऊ वर्षांत निम्मेच साधले, कारण मी त्याच्याशी बोलत असे, चहा पीत असे, आणि त्याच्या हातचा कागद मात्र दोनदा तपासून घेत असे.

आता मी सेवानिवृत्त आहे आणि कोणाला उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. ज्यांच्या टेबलावर अजून अंगठे येतात त्या माझ्या धंदाबंधूंना एक विनंती तेवढी करतो. ठसा कोरा उमटला तर हात उलटा करून पाहा. दुसरा अंगठा घ्या. तोही कोरा उमटला तर शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहा आणि खाली तारखेसह सही करा. मी ते लिहिले नव्हते.